पाच ते साडेपाच

फायबरचा खांब, एकात एक सरकणारे चार तुकडे. पूर्ण ताणला की सहा मीटर. वाऱ्यात डोलतो, मोडत नाही.

*

‘वडिलांनी दर मंगळवारी व शुक्रवारी सायंकाळी पाच ते साडेपाच या वेळेत मुलीशी व्हिडिओ कॉलवर बोलावे. एकूण तीन वेळा कॉल चुकल्यास या व्यवस्थेचा फेरविचार करण्यात येईल.’

*

फिरत्या गाड्यांच्या तळावर, ऑफिसाच्या काचेवर हाताने लिहिलेली पाटी: इथे रेंज येत नाही. विचारू नये. त्याखाली कोणीतरी पेन्सिलीने: मग कुठे येते?

*

रेंज मोजतात ती उण्यात. उणे साठ म्हणजे चैन. उणे एकशे दहा म्हणजे बहिऱ्याच्या कानात कुजबुज.

*

आठ वर्षांच्या मुलीला बापाशी बोलायला अर्धा तास पुरतो की जास्त होतो? समुपदेशक बाईंनी विचारलं होतं. आईला सांगता आलं नाही, बापालाही नाही.

*

चुकले: दोन.

*

आता हे दोन चुकले कसे ते आधी सांगायला हवं, नाहीतर माणूस बेफिकीर होता असं वाटायचं. तसा तो नव्हता. उलट वेळेच्या बाबतीत तो इतका काटेकोर होता, की बायकोने सोडून जाण्याची जी चार कारणं सांगितली त्यातलं ते तिसरं होतं.

काम त्याचं पाण्याची उंची मोजण्याचं. नदी, कालवा, जलाशय यांच्या काठाला आकडे रंगवलेली लांब पट्टी उभी केलेली असते आणि शेजारी खोपट्यात एक यंत्र असतं. अशी सहा ठिकाणं त्याच्याकडे होती. पट्ट्या घासायच्या, यंत्रांतला गाळ काढायचा, बॅटऱ्या बदलायच्या. खात्यात सगळे त्याला पट्टीवाला म्हणत. यंत्रं आपला आकडा दर पंधरा मिनिटांनी थेट उपग्रहाला कळवत. पट्टीवाला म्हणायचा, "पाणी दोन बोटं चढलं तर आभाळाला कळतं, आणि मला मुलीला हॅलो म्हणायला टेकाडावर चढावं लागतं."

घर मोडल्यावर त्याने वेगळं बिऱ्हाड केलं नाही. एक जुनी कॅम्पर गाडी घेतली. आत एक पलंग, एक घडीचं टेबल, गॅसची एकच शेगडी, आणि मागे रॅकवर मोपेड. मुलीसाठी वरच्या बाजूला फळीचा झोपायचा कोनाडा होता, पण तिथे अजून कोणी झोपलं नव्हतं. तिथे ॲन्टेनाचे खोके असत.

पहिला कॉल चुकला कारण टॉवर बंद पडला. दुसरा चुकला कारण टॉवर चालू होता, पण त्याच्यावर सगळ्या तालुक्याची झुंबड होती आणि पडद्यावर खारूचा चेहरा सात मिनिटं अर्धवट मिटलेल्या डोळ्यांनी गोठून राहिला. मुलीचं लाडाचं नाव खारू. दोन पुढच्या दातांमुळे पडलेलं.

तर दुधाने तोंड पोळलेल्या माणसाने ताक फुंकावं तसा तो या नव्या तळावर आला तो सोमवारीच, कॉलच्या एक दिवस आधी.

जलाशयाच्या काठावर तीस जागा आखलेल्या. प्रत्येक जागेला विजेचा आणि पाण्याचा खांब. मालकीणबाईंनी त्याला सतरा नंबर दिला. शेजारी अठरामध्ये एक निवृत्त बसड्रायव्हर आपल्या लांबलचक गाडीत, एका म्हाताऱ्या कुत्र्यासोबत राहत होते.

"बाई, नेट?" त्याने विचारलंच.

"पाटी वाचता येते ना दादा?"

"येते."

"मग झालं तर."

त्याने चाकाखाली पाचरी सारल्या, टेबलावर पाणसळ ठेवून गाडी समतल केली, शिडीशी खांब आवळला आणि टोकाला दिशेचा ॲन्टेना चढवला. हा ॲन्टेना बंदुकीसारखा असतो. जिकडे रोखाल तिकडचंच ऐकतो. पट्टीवाल्याची पद्धत अशी की खांब दहा-दहा अंशांनी फिरवायचा, दर वेळी एक मिनिट थांबायचं, आकडा वहीत लिहायचा. उत्तर, उणे एकशे सोळा. गावाची दिशा, उणे एकशे चौदा. टेकड्या, काहीच नाही. सव्वीस आकडे झाले, सगळे रद्दी.

सत्ताविसावा पाण्याकडे होता.

उणे एकसष्ट.

त्याने खांब काढून परत फिरवला. उणे एकसष्ट. नकाशा उघडला. त्या बाजूला सत्तर किलोमीटरपर्यंत टॉवर नव्हता. नुसतं पाणी, आणि पाण्यापलीकडे जंगल.

त्याने कारण शोधून काढलं, कारण शोधणं हा त्याचा पेशाच होता. पाणी आरशासारखं असतं. कुठल्यातरी दूरच्या टॉवरचा कवडसा पडत असणार. वहीत त्याने लिहिलं: परावर्तन. आणि पुढे प्रश्नचिन्ह काढायचं राहून गेलं.

*

मंगळवार. पाचला एक मिनिट कमी.

"बाबा, तू आज एकदम चकचकीत दिसतोयस," खारू म्हणाली. "तुझ्या नाकातले केस पण दिसतायत."

"मग डोळे मीट."

"मग कॉल कशाला केलास?"

मागून तिची आई हसली. कितीतरी महिन्यांनी ते हसू त्याच्या कानावर पडलं. आवाज काचेसारखा स्वच्छ येत होता. खारूने शाळेतल्या भांडणाची हकिगत सांगितली, ती त्याने नीट ऐकली, अधूनमधून हं केलं. मध्येच त्याची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीवर गेली. तिच्यात आपलंच तोंड दिसत असतं. तो हसायचा थांबला होता. चौकटीतला अजून हसत होता. क्षणभरच. मग तोही थांबला.

मागे पडतंय नेट, त्याला वाटलं. मागे पडणं हा नेटचा धर्मच आहे.

पण थोड्या वेळाने चौकटीतल्याने मान वळवून खिडकीकडे पाहिलं. पट्टीवाल्याने पाहिलं नव्हतं. त्यानंतर बाहेर ड्रायव्हरकाकांचा कुत्रा भुंकला, आणि पट्टीवाल्याने मान वळवून खिडकीकडे पाहिलं.

*

शुक्रवार.

दुपारी पावणेचारला, तळापासून अकरा किलोमीटरवर, कालव्याच्या बांधावर मोपेडचं मागचं चाक बसलं. पंक्चरचं सामान गाडीत. फोनला रेंज शून्य. त्याने मोपेड खोपट्याला साखळीने बांधली आणि चालायला लागला. मग पळायला लागला. बांधावर ना माणूस ना जनावर. पाच वाजले तेव्हा तो एका मोरीवर गुडघ्यांवर हात टेकून उभा होता. घड्याळाकडे पाहत राहिला. साडेपाचपर्यंत पाहायचं नाही असं ठरवून तीनदा पाहिलं.

चुकले: तीन.

तळावर पोचला तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. गाडीला कुलूप होतं, किल्ली त्याच्या खिशात. आत टेबलावर लॅपटॉप उघडा होता. सकाळी मिटला होता की नाही, ते त्याला शपथेवर सांगता आलं नसतं. हात लावला तर खालून कोमट.

पडद्यावर कॉलची यादी. शेवटचा कॉल: आज, पाच ते साडेपाच. अवधी तीस मिनिटं.

त्याने ताबडतोब खारूच्या आईला फोन लावला. धाप लागलेलीच होती.

"ऐक, आज जे झालं ते..."

"मला आवडलं," ती म्हणाली.

"काय?"

"अरे, असं बोलता येतं तुला, तर आधी का नाही बोललास? नाहीतर नुसतं हं, हं. खारू अजून हसतेय. समुपदेशक बाईंनाही मी आताच मेसेज केला, की आजचा कॉल फार छान झाला."

आता इथे त्याने तोंड उघडायला हवं होतं. तो मी नव्हतो, एवढे तीन शब्द. पण ते तीन शब्द म्हणजेच तिसरा चुकलेला कॉल. हात दगडाखाली अडकला की माणूस ओरडण्याआधी दगडाचं वजन बघतो.

"हो," तो म्हणाला. "आज जरा जमलं."

बाहेर ड्रायव्हरकाका खुर्ची टाकून कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिड्या काढत होते.

"काका, पाचच्या सुमाराला माझ्या गाडीत कोणी आलं होतं?"

"तू होतास की."

"मी?"

"खिडकीत. मुलीशी बोलत होतास. मी हात केला, तूही केलास." काकांनी एक गोचीड नखाखाली दाबली. "आज चेहरा माणसासारखा होता लेका. नाहीतर रोज एरंडेल प्यायल्यासारखा असतोस."

"कुत्रा भुंकला का?"

काकांनी विचार केला. "नाही. गाडीखाली जाऊन बसला होता. उन्हाने असेल."

*

पुढचा मंगळवार. तो स्वतः बसला. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून.

"गोष्ट," खारू म्हणाली.

"कुठली?"

"अर्धी राहिलेली. शुक्रवारची."

"कुठपर्यंत आलो होतो?"

"तुला आठवत नाही?" तिने मान तिरपी करून त्याला नीट पाहिलं. "तो माणूस रोज पाण्यात वाकून बघतो, आणि खालचा त्याला वर बघतो. आणि खालच्याला काय हवं असतं ते तू आज सांगणार होतास."

त्याने काहीतरी जुळवलं. खालच्याला भूक लागली होती, मग वरच्याने त्याला बिस्किट दिलं, वगैरे.

"असं नव्हतं," खारू म्हणाली. आणि जरा वेळाने, "आई, मी खेळायला जाऊ?"

बारा मिनिटं झाली होती.

आई पडद्यावर आली. रागावलेली नव्हती, ते जास्त वाईट. "शुक्रवारसारखं का नाही बोललास?"

"दमलोय."

"हे बघ, वीस तारखेला बाई खारूला विचारणार आहेत, बाबांकडे दोन दिवस राहायला जाशील का म्हणून. तिचं तिने सांगायचंय. मी मध्ये पडणार नाही. पण ती नाही म्हणाली तर मी ढकलणारही नाही."

कॉल संपल्यावर तो शिडी चढला आणि ॲन्टेना पाण्याकडे नीट रोखलेला आहे ना ते पाहिलं. हात त्याला न विचारताच तिकडे गेला, असं त्याने नंतर स्वतःला समजावलं.

*

त्यानंतरच्या शुक्रवारी त्याने सकाळपासून सगळी कामं उरकली. चारला तळावर होता. चारला दहा मिनिटं असताना पंक्चर नव्हतं, टॉवर बंद नव्हता, कुठलीही अडचण नव्हती. सव्वाचारला त्याने लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला, खुर्ची समोर सरकवली, गाडीला कुलूप लावलं आणि मोपेडला किक मारली.

दोन किलोमीटरवर जलाशयाची पट्टी होती. खोपट्याच्या लोखंडी पायरीवर तो बसला.

पाच वाजले. पाण्यावर वारा नव्हता. ज्या अर्ध्या तासासाठी तो सात महिने कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होता, तो अर्धा तास त्याने तिथे गुडघ्यात डोकं घालून काढला. एकदा उठला, मोपेडपर्यंत गेला, परत आला. पट्टीवरचा आकडा वाचला. परत वाचला. खारू आता कशाला हसत असेल? काय म्हणत असेल? आपल्याला ती कधी असं म्हणाली होती का?

साडेपाच.

पावणेसहाला आईचा मेसेज: आजचा तर कळसच. तिला झोपायचा कोनाडा दाखवलास, ती आता तिथेच झोपणार म्हणतेय.

तो गाडीत आला. कोनाड्यातले खोके खाली काढून ओळीने रचून ठेवलेले होते. फळी पुसलेली होती. ओली होती अजून.

*

असे त्याने पाच कॉल दिले.

दिले, हाच शब्द त्याच्या मनात येई.

मधल्या एका मंगळवारी न राहवून तो गाडीच्या मागे लपून राहिला. आतून आवाज ऐकू आला. त्याचाच आवाज, पण आपण बोलतो तेव्हा आपल्याला येतो तसा नाही, रेकॉर्ड केलेला ऐकतो तसा. खारू खदखदून हसत होती. खिडकीत डोकवायला फक्त दोन पावलं होती.

त्याने टाकली नाहीत.

*

वीस तारखेला खारू हो म्हणाली. बाई म्हणाल्या, मुलीने स्वतःहून विचारलं की दोनच दिवस का.

पत्र आलं: शनिवार सकाळी दहा ते सोमवार सायंकाळ. भेट असल्याने शुक्रवारचा कॉल होणार नाही.

ते वाचताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाठोपाठ इतक्या दिवसांत पहिल्यांदा डोकं लख्ख झालं. बास. आता कॉल नकोत, पडदा नको. आता मुलगी हाताशी येणार. तिला तो स्वतः गोष्ट सांगेल, वाईट का होईना. दोन दिवसांत ती आपल्या बापाची सवय लावून घेईल.

गुरुवारी सकाळी त्याने खांब उतरवला. चार तुकडे एकात एक सारले, केबल गुंडाळली, राउटरची बॅटरी काढून वेगळी ठेवली. ॲन्टेना मालकीणबाईंच्या भंगारात टाकला.

"नवा आहे की हो दादा."

"राहू दे. ज्याला लागेल त्याला द्या."

"इथे कोणाला लागतोय?"

पाचरी काढत असताना ड्रायव्हरकाका समोरून आले आणि थबकले.

"काय विसरलं?"

"काही नाही काका. निघतोय."

"परत?" काका म्हणाले. मग स्वतःशीच हसले, कपाळावर हात मारला. "वय झालं बघ. मला वाटलं, पहाटे तुलाच हात केला मी."

कुत्रा लांब उभा होता. आज भुंकत होता.

*

साडेपाचशे किलोमीटर. गाडी साठच्या वर पळत नाही. वाटेत पहिली खरी रेंज लागली तिथे त्याने खारूच्या आईला मेसेज केला: शनिवारी बरोब्बर दहाला दारात. उत्तर लगेच आलं: बरं. तू म्हणालास तसं शाळेत सांगून ठेवलंय.

शाळेत कशाला? मग त्याला उमजलं. सोमवारी सुट्टी पडणार, ती सांगितली असणार.

पुढे दर वेळी गाडी थांबवली की तो मागे जाऊन कोनाडा बघायचा. रिकामा. दर वेळी सुटकेचा श्वास.

शुक्रवारी दुपारी एका शहरात त्याने लहान मुलांची झोपायची पिशवी घेतली. अर्धा तास रंग ठरेना. निळा की पिवळा. दुकानदार म्हणाला, "मुलीला फोन लावून विचारा ना साहेब." त्याने फोन हातात घेतला. नंबर काढला. मग शुक्रवार आहे हे आठवलं, आणि फोन परत खिशात ठेवला.

पिवळी घेतली.

*

शनिवार. दहाला सोळा मिनिटं कमी.

त्याने गाडी फाटकासमोर लावली. आरशात भांग पाडला. पिशवी कोनाड्यात अंथरली, वरून हात फिरवला.

जिना. दुसरा मजला. दारावर खारूने चिकटवलेला कागदी ससा.

आत आई गुणगुणत भांडी लावत होती. मुलीचा आवाज नव्हता. झोपली असेल अजून.

त्याने बेल वाजवली.

पावलं आली. दार उघडलं. आईने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागे, जिन्याकडे.

*

खारूला शाळेतून घेऊन जायला शुक्रवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तिचे बाबा आले होते, आणि फाटकावरच्या बाई सांगतात की ती पळत जाऊन त्यांना बिलगली.